कोलाजेनच्या डब्यावर जनावराचं नाव लिहा

प्रति,
मा. अध्यक्ष आणि मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण, नवी दिल्ली

प्रत: मा. आयुक्त, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

सविनय नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यात, फलटण तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. पण हे पत्र मी शिक्षिका म्हणून कमी आणि एका माळकरी बाईची मुलगी म्हणून जास्त लिहिते आहे. जाहीर लिहिते आहे, कारण आमच्या घरात जे झालं ते फक्त आमच्याच घरात झालं असेल असं मला वाटत नाही.

माझी आई 71 वर्षांची आहे. लग्न होऊन आली त्याच वर्षी तिच्या गळ्यात तुळशीची माळ पडली. माउलींची पालखी नीरा ओलांडून जिल्ह्यात आली की लोणंदपासून बरडपर्यंत ती दरवर्षी चालायची. चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण डोळ्यांनी बघितल्याशिवाय तिचं वर्ष पुरं होत नाही. गेल्या दोन वाऱ्यांना मात्र गुडघ्यांनी साथ सोडली. पालखी घराजवळून गेली तेव्हा ती ओट्यावर खुर्ची टाकून बसली होती आणि दिंड्या संपल्यावरही बराच वेळ आत आली नाही.

दिवाळीनंतर तालुक्याच्या गावी एका मंगल कार्यालयात ‘हाडांची मोफत तपासणी’ असं शिबिर लागलं. टाचेला यंत्र लावलं, कागद हातात दिला, त्यावर लाल पट्ट्यात एक बाण होता. पांढरा कोट घातलेला मुलगा म्हणाला, ‘‘आजी, गुडघ्यातलं वंगण संपलंय. ही कोलाजेनची पावडर घ्या, आषाढीला चालत जाल.’’ आईने त्याला दोनच गोष्टी विचारल्या. यात मांसाहारी काही नाही ना? आणि उपवासाला चालते ना? तो दोन्हींना ‘हो आजी, एकदम शुद्ध’ म्हणाला. 250 ग्रॅमचा डबा 1,650 रुपयांना होता. आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, त्यातून तिने तो घेतला. रोज 10 ग्रॅमचा एक चमचा, म्हणजे डबा 25 दिवस पुरायचा. पुढचे डबे कुरिअरने घरपोच यायला लागले.

मी नोकरीमुळे वेगळ्या गावात राहते. फोनवर ती सांगायची, ‘‘बरं वाटतंय गं थोडं.’’ मला आनंद व्हायचा. डबा हातात घेऊन मी वाचला नाही, ही माझी चूक आहे आणि ती मी मान्य करते.

मार्चमध्ये एका एकादशीला मी घरी गेले होते. शेजारच्या काकूंनाही तीच पावडर घ्यायची होती, पण त्यांच्या सुनेला मासे चालत नाहीत. नुसत्या हाताला लागले तरी अंगावर गांधी उठतात आणि घसा सुजतो. म्हणून त्या डबा घेऊन माझ्याकडे आल्या, ‘‘तू सायन्सची आहेस, बघ यात माशाचं काही नाही ना.’’ डबा पांढराशुभ्र होता. पुढच्या बाजूला हिरवं पान, डोंगर आणि इंग्रजी अक्षरं. मागच्या बाजूचा मजकूर इतका बारीक, की मी आईच्या पोथीजवळचं भिंग आणलं. घटकांच्या ओळीत लिहिलं होतं: हायड्रोलाइज्ड कोलाजेन पेप्टाइड्स, आणि कंसात बोव्हाइन. सगळ्यात खाली, बारकोडला चिकटून, तपकिरी त्रिकोण, म्हणजे मांसाहारी पदार्थाची खूण.

काकूंना मी म्हटलं, मासा नाही. आई समोरच बसली होती. पितळी वाटीत ताक होतं आणि त्यात ती पावडर नुकतीच ढवळलेली. गार ताकातसुद्धा ती लगेच विरघळते, तिला वास नाही, चव नाही. आईने विचारलं, ‘‘बोव्हाइन म्हणजे काय गं?’’

वर्गात मुलांच्या कुठल्याही प्रश्नाला मी उत्तर देते. इथे मला तोंड उघडायला वेळ लागला. बोव्हाइन म्हणजे गाय, बैल, म्हैस यांच्या कुळातलं. कोलाजेन त्यांच्या कातडीतून किंवा हाडांतून काढतात. हे मी जमेल तेवढ्या हळू सांगितलं. आईने वाटी खाली ठेवली. काहीच बोलली नाही. थोड्या वेळाने उठली, गळ्यातली माळ काढून देव्हाऱ्यात ठेवली आणि आतल्या खोलीत जाऊन पडली. त्यानंतर 9 दिवस तिने संध्याकाळचा पाठ म्हटला नाही. म्हणत होती, ‘‘मी कुठल्या तोंडाने म्हणू?’’ शेवटी गावातल्या एका वृद्ध कीर्तनकारांनी घरी येऊन तिला समजावलं, की अजाणता झालेलं तुमच्या नावावर नाही, आणि त्यांच्या हातून तिने माळ पुन्हा घातली. पण त्या चार महिन्यांत 8 एकादश्या येऊन गेल्या होत्या. ती त्या अजून बोटांवर मोजते.

मी कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर फोन केला. कंपनीचं नाव इथे घेत नाही, कारण एका कंपनीला शिक्षा होऊन हा प्रश्न सुटणार नाही. पलीकडची मुलगी नम्र होती. मी विचारलं, गाय की म्हैस? कुठल्या देशातली? कातडी की हाडं? तिच्याजवळ एकाही प्रश्नाचं उत्तर नव्हतं. तिच्यासमोरच्या पडद्यावरही तेवढाच एक शब्द असावा, बोव्हाइन. मग ती म्हणाली, ‘‘मॅडम, तुमच्या मदरना आमचं व्हेज कोलाजेन पाठवू का?’’ त्याबद्दल पुढे लिहिते.

माझा मांसाहाराला विरोध नाही, हे आधीच स्पष्ट करते. हाड मोडलेल्या माणसाला पायांचा रस्सा द्यायची रीत आपल्याकडे जुनी आहे. त्या रश्शात हेच कोलाजेन उकळून उतरलेलं असतं, म्हणून तर तो गार झाला की थिजतो. पण रस्सा पिणाऱ्याला आपण बोकडाचे पाय खातोय हे माहीत असतं. कोणी काय खावं हा माझा विषयच नाही. जो खातो त्याला ते कळलं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं आहे. कोलाजेन पेप्टाइडच्या बाबतीत ते कळू नये अशीच सगळी मांडणी आहे, आणि ती तुमच्या नियमांच्या फटींतून उभी राहिली आहे. म्हणून हे पत्र तुम्हाला.

वाचकांसाठी थोडं सांगते. कोलाजेन हे आपल्या शरीरातलं सगळ्यात जास्त प्रमाणात असलेलं प्रथिन. कातडी, हाडं, कूर्चा, स्नायूंना हाडांशी बांधणारे दोर, सगळं त्याच्यावर उभं आहे. तीन साखळ्या एकमेकींना पीळ घालून त्याचा दोर बनतो. जनावराची कातडी, हाडं किंवा माशाचे खवले आम्लात नाहीतर अल्कलीत मुरवून गरम पाण्यात ठेवले की हा पीळ सुटतो आणि जिलेटिन मिळतं. जेलीतलं, कॅप्सूलच्या टोपणातलं तेच. त्या जिलेटिनवर विकरे सोडून त्याचे आणखी बारीक तुकडे केले की ते थिजायचं थांबतं आणि गार पाण्यातही विरघळतं. हेच कोलाजेन पेप्टाइड. म्हणजे कातडीपासून भुकटीपर्यंतच्या प्रवासात मूळ जनावराची एकही खूण उरत नाही. रंग नाही, वास नाही, चव नाही. नाक, डोळे, जीभ यांपैकी काहीच खाणाऱ्याला सावध करू शकत नाही. अशा पदार्थाच्या बाबतीत डब्यावरचं अक्षर हाच त्याचा एकमेव आधार असतो, आणि तेच अक्षर सगळ्यात बारीक आहे.

माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार जनावराच्या नावाबद्दल आहे. पदार्थात डुकराची किंवा गाईची चरबी असेल तर ती नाव घेऊन जाहीर करावी, असं तुमचेच लेबलविषयक नियम सांगतात. चरबीला जो न्याय, तो कातडीला आणि हाडाला का नाही? बोव्हाइन हा शब्द आमच्या तालुक्यात किती जणांना कळेल? मरीन म्हटलं की समुद्राचं काहीतरी, शेवाळ असेल, असं शिकलेल्या माणसालाही वाटतं. पोर्साइन म्हणजे डुक्कर, हे किती जणांना ठाऊक आहे? माझ्या आईला गाईचं नको, माझ्या शाळेतल्या मुस्लिम सहशिक्षिकेला डुकराचं चालणार नाही, माझ्या जैन मैत्रिणीला कुठलंच चालणार नाही, आणि काकूंच्या सुनेच्या बाबतीत तर माशाचा प्रश्न श्रद्धेचा नाही, श्वासाचा आहे. या चौघींना चार वेगळ्या गोष्टी कळायला हव्यात आणि तपकिरी त्रिकोण चौघींना एकच गोष्ट सांगतो.

9 डिसेंबर 2021 ला दिल्ली उच्च न्यायालयाने याच मुद्द्यावर आदेश दिला होता. पदार्थातले घटक नुसत्या सांकेतिक नावांनी लिहून चालणार नाही, ते वनस्पतीपासून आले, प्राण्यापासून आले की प्रयोगशाळेत बनवले, हेही सांगितलं पाहिजे, प्रमाण कितीही कमी असो. आपण काय खातो हे जाणण्याचा हक्क न्यायालयाने राज्यघटनेच्या 21 आणि 25 व्या कलमांशी जोडला. त्या आदेशात घटकाचं प्रमाण अगदी थोडं असलं तरी सांगा म्हटलं आहे. इथे तर जवळजवळ अख्खा डबाच प्राण्याचा आहे.

त्रिकोणाबद्दलही बोललं पाहिजे. 2020 च्या नियमांत तुम्ही मांसाहारी पदार्थांवरचा तपकिरी ठिपका बदलून त्रिकोण केलात. रंग ओळखता न येणाऱ्यांना आकारावरून फरक कळावा हा त्यामागचा हेतू चांगला आहे, आणि मी तो वर्गात मुलांना शिकवतेही. पण माझ्या आईच्या पिढीने वर्षानुवर्षं ‘हिरवा ठिपका, लाल ठिपका’ एवढंच पाठ केलं आहे. हा बदल त्यांच्यापर्यंत कोणी पोचवला? आई म्हणाली, ‘‘मी ठिपका शोधला होता गं, लाल ठिपका नव्हता.’’ हे वाक्य मला झोपू देत नाही. तिने शोधलं होतं. निरक्षर, बेफिकीर म्हातारी म्हणून तिला बाजूला सारता येणार नाही. शिवाय चिन्ह पुढच्या, मुख्य बाजूला असावं असा नियम असूनही आमच्या डब्यावर ते मागे होतं. शिबिरात वाटलेल्या एका वेळच्या पुडीवर तर कुठलंच चिन्ह नव्हतं. तीही माझ्याकडे आहे.

दुसरी तक्रार आरोग्याची आहे आणि ती मला नंतर कळली. डब्यावर पुढेच ठळक आकडा होता, एका चमच्यात 9 ग्रॅम प्रथिनं. आईने साधा हिशेब केला: प्रथिनं मिळाली, मग रात्रीचं दूध कशाला आणि दुपारी वरणाची दुसरी वाटी तरी कशाला? चार महिने तिने दोन्ही कमी केलं. आता या 9 ग्रॅमांची किंमत बघा. प्रथिनं अमिनो आम्लांची बनलेली असतात, आणि कोलाजेनमध्ये त्यांतलं ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल नसतंच. शरीराला ते स्वतः बनवता येत नाही, अन्नातूनच घ्यावं लागतं. प्रथिनांची गुणवत्ता मोजायची जी मान्य पद्धत आहे तिच्यात असं एक जरी आवश्यक अमिनो आम्ल नसलं तर गुण शून्य मिळतात. कोलाजेनला शून्य मिळतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने 2020 मध्ये प्रौढ माणसासाठी दर किलो वजनामागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं धरली आहेत. आईचं वजन 52 किलो, म्हणजे तिची गरज साधारण 43 ग्रॅम. त्यातल्या 9 ग्रॅमांच्या जागी तिने अपुरं प्रथिन घेतलं आणि मुगाचं वरण ताटातून काढलं. म्हातारपणी पायांतली ताकद स्नायूंवर उभी असते, आणि गुडघ्यांसाठी म्हणून घेतलेल्या वस्तूने तिच्या स्नायूंचाच घास काढून घेतला. ‘हे पूर्ण प्रथिन नाही, डाळ-दुधाच्या ऐवजी घेऊ नका’ एवढी एक ओळ डब्यावर असती तर हे टळलं असतं.

शरीर कोलाजेन स्वतः बनवतं, हेही कोणी सांगत नाही. रोजच्या अन्नातल्या प्रथिनांतून बनवतं आणि त्यासाठी त्याला क जीवनसत्त्व लागतं. ते नसलं की दोर नीट वळला जात नाही, हिरड्यांतून रक्त येतं, जुन्या जखमा उघडतात. खलाशांना होणारा स्कर्व्ही तो हाच. वरण, दही, शेंगदाणे आणि त्याच्याबरोबर आवळा, पेरू, लिंबू. हे सगळं आमच्या घरात होतं.

तिसरी तक्रार दाव्यांची. कोलाजेन पेप्टाइड घेतल्यावर त्यातल्या अमिनो आम्लांच्या काही जोड्या न तुटता रक्तात पोचतात, हे दिसून आलेलं आहे. ते मी नाकारत नाही. काही चाचण्यांत गुडघेदुखी थोडी कमी झाल्याचं आढळलं, हेही खरं. पण तिथून ‘वंगण परत येईल’, ‘झीज भरून निघेल’ इथपर्यंतची उडी कोणत्या आधारावर मारतात? युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2011 मध्ये सांध्यांबद्दलचा असाच दावा तपासून कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही म्हणून नाकारला. 2013 मध्ये कातडीच्या लवचिकतेबद्दलचा दावाही नाकारला. 2025 मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात कातडीवरच्या 23 चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. सगळ्या चाचण्या मिळून फायदा दिसला, पण औषध कंपन्यांचा पैसा नसलेल्या चाचण्या वेगळ्या काढल्या तेव्हा तो दिसेनासा झाला. ज्याला हे सगळं माहीत असूनही घ्यायचं आहे त्याने खुशाल घ्यावं. माझ्या आईला यातलं अक्षरही माहीत नव्हतं. तिला आषाढी माहीत होती, आणि विकणाऱ्याने नेमकी तीच धरली.

याच तक्रारीत आणखी एक गोष्ट येते. कोलाजेन या एका नावाखाली बाजारात अगदी वेगवेगळ्या वस्तू आहेत. एक ही पेप्टाइडची भुकटी, जिच्या चाचण्या दिवसाला अडीचपासून 10 ग्रॅमपर्यंत देऊन झाल्या. दुसरं कोंबडीच्या छातीच्या कूर्चेतलं, न तोडलेलं दुसऱ्या प्रकारचं कोलाजेन, ज्याची मात्रा 40 मिलिग्रॅम असते आणि ज्याचं काम वेगळ्याच वाटेने होतं असं मानतात. एकाच्या चाचणीचा निकाल दुसऱ्याच्या जाहिरातीत सर्रास वापरला जातो. अर्धा ग्रॅम पेप्टाइडची गोळी विकून 10 ग्रॅमच्या चाचणीचा फायदा सांगितला जातो. औषधाच्या दुकानात उभ्या असलेल्या माणसाने हे कसं ओळखायचं?

आता ते व्हेज कोलाजेन. मी मुद्दाम मागवून बघितलं. डब्यावर हिरवा ठिपका होता आणि तो खरा होता. आत आवळ्याचा अर्क, बायोटिन, बांबूतून काढलेली सिलिका, काही अमिनो आम्लं. नाव मात्र मोठ्या अक्षरांत: प्लँट कोलाजेन. वनस्पतींमध्ये कोलाजेन नसतं. ते फक्त प्राण्यांच्या शरीरात तयार होतं, हे आम्ही शाळेत शिकवतो. म्हणजे आधी जनावराचं कोलाजेन शाकाहारी म्हणून दिलं आणि मग शाकाहारी म्हणून जे दिलं त्यात कोलाजेनच नाही. सोयाबीनच्या पेयाला दूध म्हणू नका, असं तुम्ही 2021 मध्ये ठामपणे सांगितलंत आणि ऑनलाइन दुकानांना तशी उत्पादनं काढायला लावलीत. ऑक्टोबर 2025 मध्ये गोड पेयांच्या नावातला ‘ओआरएस’ हा शब्द तुम्ही बंद केलात. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी त्यासाठी कित्येक वर्षं झगडा दिला होता. तो निर्णय वाचून मी आमच्या शिक्षकांच्या खोलीत टाळ्या वाजवल्या होत्या. शब्द खोटा असला तर माणूस फसतो, हे तुम्हाला पटलेलं आहे. मग कोलाजेन या शब्दाला वेगळा नियम का?

भाषेबद्दल थोडक्यात. लेबलवरचा अनिवार्य मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असला की तुमचा नियम पुरा होतो, बाकी भाषा ऐच्छिक. ‘औषधी वापरासाठी नाही’ ही सूचना पूरक आहाराच्या डब्यावर सक्तीची आहे आणि आमच्या डब्यावर ती होतीही, इंग्रजीत. जाहिरातीचं पत्रक मात्र अस्सल मराठीत होतं, वारीच्या चित्रासह. विकताना मराठी येते, तर सावध करतानाही आली पाहिजे.

माझ्या मागण्या अशा आहेत.

कोलाजेन, जिलेटिन किंवा त्यांची पेप्टाइडं असलेल्या प्रत्येक पूरक आहाराच्या पुढच्या बाजूला, उत्पादनाच्या नावाशेजारी आणि वाचता येईल अशा आकारात, जनावराचं साध्या भाषेतलं नाव सक्तीचं करा: गाय, म्हैस, डुक्कर, मासा, कोंबडी. बोव्हाइन, मरीन, पोर्साइन हे शब्द एकटे चालणार नाहीत असं स्पष्ट लिहा. कातडी, हाड की खवले आणि कोणत्या देशातून, हे मागे लिहिलं तरी चालेल. कॅप्सूलचं टोपण जिलेटिनचं असेल तर त्यालाही हेच लागू करा.

ज्या उत्पादनात कोलाजेन नाही त्याच्या नावात तो शब्द नको, त्याला प्लँट, व्हेज, व्हीगन असं कुठलंही विशेषण लावलं तरी.

कोलाजेनच्या डब्यावर प्रथिनांचा आकडा पुढच्या बाजूला छापायला बंदी करा, आणि मागे छापाल तिथे ते अपूर्ण प्रथिन असल्याची ओळ त्याला जोडा. कोलाजेनचा प्रकार आणि एका वेळच्या मात्रेत ते किती ग्रॅम आहे, हे स्पष्ट असू द्या. कच्चा माल हाडांचा किंवा माशांचा असल्याने शिसं आणि इतर जड धातूंची दर बॅचची चाचणी करून तिचा अहवाल डब्यावरच्या क्यूआर कोडवर ठेवायला लावा.

चिन्हाचा अर्थ, जनावराचं नाव आणि ‘औषध नाही’ ही सूचना, या तीन गोष्टी ज्या राज्यात माल विकला जातो त्या राज्याच्या भाषेत हव्यात. सुट्या पुडीवरही आणि ऑनलाइन विक्रीच्या पानावरही, ‘खरेदी करा’ या बटणाच्या वर. तपकिरी त्रिकोणाची माहिती एसटी स्थानकांवर, रेशन दुकानांत, प्राथमिक आरोग्य केंद्रांत फलक लावून द्या. वारीच्या मार्गावर लावलीत तर लाखो माणसांपर्यंत एका महिन्यात पोचेल.

आणि राज्याच्या आयुक्तांना माझी वेगळी विनंती. मोफत तपासणीच्या नावाखाली भरणाऱ्या विक्रीच्या शिबिरांना पूर्वपरवानगी सक्तीची करा आणि तपासणी व विक्री एकाच छताखाली होऊ देऊ नका. टाचेवरचं यंत्र फक्त चाळणी लावतं, पक्कं निदान करायला हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी लागते, हे तिथे आलेल्या एकाही म्हाताऱ्या माणसाला सांगितलं गेलं नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, 2006 च्या 53 व्या कलमात 10 लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मंगल कार्यालयात माइकवरून केलेला दावा हीसुद्धा जाहिरातच आहे, तिला हे कलम लावा.

याच कायद्याच्या 40 व्या कलमाने ग्राहकाला शुल्क भरून पदार्थाचं पृथक्करण करून घेता येतं, हे मला आता कळलं आहे. सहावा डबा सीलबंद आहे. तो, शिबिरातली पुडी, मराठी पत्रक आणि सहाही डब्यांची मिळून 9,900 रुपयांची बिलं मी एका पिशवीत बांधून शाळेच्या कपाटात ठेवली आहेत. आईने तो डबा घरात ठेवू दिला नाही. तुमच्या किंवा आयुक्तांच्या कार्यालयाने मागितलं तर मी स्वतः आणून देईन, जबाबही देईन.

आई आता अस्थिरोगतज्ज्ञांनी सांगितलेले मांड्यांचे व्यायाम करते, सकाळी 15 मिनिटं, भिंतीला धरून. वरणाची दुसरी वाटी परत सुरू झाली आहे. यंदा लोणंदपासून जमणार नाही, पण चांदोबाच्या लिंबाला गाडीने नेऊन रिंगणापुरती उभी करायची असं आमचं ठरलं आहे.

फोनवरच्या त्या मुलीने उत्तर दिलं का, असं ती मला अजून विचारते. गाय होती की म्हैस?

आपली विश्वासू,
एक विज्ञान शिक्षिका
ता. फलटण, जि. सातारा